आइसलँडमध्ये स्वतः गाडी चालवत सहकुटुंब प्रवास : पूर्ण रिंग रोड करावा की केवळ दक्षिण किनारा?

टिळकवाडीकर

नमस्कार. येत्या मे महिन्याच्या उत्तरार्धात, म्हणजे आमच्याकडच्या शाळा पुन्हा सुरू होण्याआधी, आइसलँडला जाण्याचा आमचा विचार आहे. मी, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई असे चौघे असून सहल कंपनीबरोबर न जाता केफ्लाविक विमानतळावरच गाडी भाड्याने घ्यायची आणि स्वतः फिरायचे, असे ठरविले आहे. आईचे गुडघे दुखतात. सपाट वाटेवर ती अर्धा-पाऊण तास चालू शकते, पण पायऱ्या तिला झेपत नाहीत. विमानप्रवासाचे दिवस वगळले तर आमच्या हाती आठ रात्री उरतात.

देशाला वळसा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता, म्हणजे रिंग रोड, सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. बेळगाव ते पुणे हे अंतर आपण एका सकाळीत कापतो, तेव्हा आठ दिवसांत हा फेरा सहज पूर्ण व्हावा, असे कागदावर तरी दिसते. पावसाळी धुक्यात चोर्ला घाटातून गाडी चालविण्याची मला सवय आहे. तरीही तेथील रस्ते, हवामान, परवाना, आणि आई पूर्ण शाकाहारी असल्यामुळे जेवणाची सोय, या सर्वांविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खडेबाजार

नमस्कार. आपल्या कुटुंबाची रचना पाहता मी पूर्ण फेरा करू नका असेच सांगेन. राजधानी रेक्याविकहून दक्षिण किनाऱ्याने आग्नेयेकडील हॉफन गावापर्यंत जावे आणि त्याच रस्त्याने निवांत परत यावे. त्याच वाटेने परतणे म्हणजे वेळ फुकट घालविणे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जाताना ढगांत हरवलेली हिमनदी परतताना लख्ख उन्हात दिसते, असे तेथे वारंवार घडते.

अंतरांचा हिशेब पुणे महामार्गावरून करू नये. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर ८० आणि वस्तीत ५० आहे. ती काटेकोरपणे पाळली जाते आणि दंड जबर असतो. रेक्याविक ते दक्षिण किनाऱ्यावरचे विक गाव हे अंतर १९० किलोमीटरांच्या आत आहे, पण वाटेत सेल्यालँड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे सुमारे साठ मीटर उंचीचे दोन धबधबे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. घटप्रभेच्या पुरात गोकाकचा धबधबा पाहिलेल्या माणसाचाही पाय तेथून लवकर निघत नाही. आईंना स्कोगाफॉसच्या पायथ्यापर्यंत सपाट मैदानातून नेता येईल. वर जाणाऱ्या शेकडो पायऱ्या आपण आणि मुलीने चढाव्यात. सेल्यालँड्सफॉसच्या मागून जाणारी वाट मात्र ओली आणि निसरडी असते, तिकडे आईंना नेऊ नका.

विकच्या पुढे रस्ता स्केइदारारसांदुर या काळ्या वाळूच्या अफाट मैदानातून जातो. १९९६ मध्ये वाटनायोकुल हिमाच्छादनाखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, वितळलेल्या बर्फाचे पाणी काही आठवड्यांनी एकदम फुटून बाहेर आले आणि त्या महापुराने येथील पूल वाहून नेले. पुलाच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याकडेला जपून ठेवल्या आहेत. मुलीला तेथे आवर्जून उतरवा. हिमनदी, ज्वालामुखी आणि नदी यांचे नाते तिला त्या तुळयांपाशी जितके कळेल तितके पुस्तकातून कळणार नाही. याच नद्यांमुळे रिंग रोडचे वर्तुळ १९७४ पर्यंत अपूर्ण होते.

पुढचे योकुल्सारलोन हे हिमखंडांचे सरोवर तर आईंसाठीच असल्यासारखे आहे, कारण वाहनतळापासून काठ अगदी जवळ आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिमनदी मागे सरू लागली तेव्हा हे सरोवर तयार होऊ लागले आणि ते अजूनही वाढत आहे.

खानापूरकर

वरील सल्ला योग्य आहे, परंतु वाऱ्याचा उल्लेख राहिला आणि आपल्याकडच्या चालकाला त्याची कल्पना नसते म्हणून सविस्तर लिहितो. चोर्ल्याच्या धुक्याची सवय आपल्याला उपयोगी पडेल, मात्र तेथील खरा प्रतिस्पर्धी वारा आहे. तो सेकंदाला किती मीटर या मापात सांगितला जातो. २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, आणि डोंगराच्या कुशीतून येणारे झोत त्याहून कितीतरी जोरदार असतात. स्थानिक हवामान खात्याचा अंदाज आणि रस्ते विभागाचा नकाशा रोज सकाळी पाहिल्याशिवाय निघू नये. रस्ता बंद दाखविला असेल तर तो खरोखरच बंद असतो.

गाडी उभी करताना शक्यतो तोंड वाऱ्याकडे ठेवावे आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडावे, कारण वाऱ्याने दार उलटे वळून मोडण्याचे प्रकार तेथे नित्याचे आहेत आणि ते नुकसान बहुधा विम्यात बसत नाही. मुलगी मागे बसणार असल्याने तिचे दार मोठ्यांनीच उघडायचे, हा नियम पहिल्याच दिवशी करावा. विमा घेताना उडणारी खडी आणि वाळूचे वादळ यांचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे. मुलीची उंची १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास योग्य आसन सक्तीचे आहे, तेव्हा गाडी ठरवितानाच ते नोंदवावे.

गाडी उजव्या बाजूने चालवायची असते आणि दिवे दिवसाही चालू ठेवावे लागतात. एकेरी पुलावर जो आधी पोहोचतो त्याला आधी जाऊ देण्याची रीत आहे, पण शंका वाटली तर आपणच थांबावे. रिंग रोड आता पूर्ण डांबरी असून डोंगराळ अंतर्भागातील ‘एफ’ रस्ते मे महिन्यात बंदच असतात, त्यामुळे फोर-व्हील गाडीवर पैसे घालविण्याची गरज नाही. रस्ता सोडून गाडी घालणे हा तेथे गुन्हा आहे. चाकाखाली चिरडलेले शेवाळ पुन्हा वाढायला कित्येक दशके लागतात, हे मुलीलाही समजावून सांगावे.

परवान्यासाठी बेळगावच्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढावा आणि मूळ परवानाही जवळ ठेवावा. आइसलँड युरोपीय संघात नसले तरी युरोपातील सामाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणून शेंगेन व्हिसा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागेल. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी गर्दी पाहता उशीर करू नये.

अनगोळकर

माझे मत थोडे वेगळे आहे. मेच्या उत्तरार्धात सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो आणि नंतरही पूर्ण अंधार होत नाही, त्यामुळे प्रवासाचा दिवस खूप मोठा मिळतो. उत्तरेकडील मिवाट्न सरोवराजवळचा उकळत्या चिखलाचा परिसर आणि देट्टिफॉससारखा प्रचंड धबधबा सोडून येणे मला तरी पटत नाही. एवढ्या दूर पुन्हा जाणे होईलच असे नाही. मात्र आठ रात्रींत पूर्ण फेरा करायचा तर जवळजवळ रोज मुक्काम बदलावा लागेल, हे मी मान्य करतो. पूर्वेकडून मिवाट्नकडे जाताना लागणाऱ्या पठारावर मेमध्येही बर्फ पडू शकते. आणखी दोन-तीन रात्री मिळत असतील तरच उत्तरेचा विचार करावा.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रजा वाढण्यासारखी नाही आणि रोज सामान बांधणे-सोडणे आईला सोसणार नाही, म्हणून दक्षिण किनाराच नक्की करीत आहोत. थिंगवेलिरचे राष्ट्रीय उद्यान, गेसिरची उष्ण पाण्याची कारंजी आणि गुटलफॉस धबधबा यांसाठी सेल्फॉस गावाजवळ, पुढे विकजवळ आणि हॉफनला असे तीनच मुक्काम करून शेवटची रात्र रेक्याविकला काढावी, असा बेत आहे. हा क्रम बरोबर वाटतो का? आणि जेवणाविषयी कोणी सांगेल का?

निपाणीची लेक

दादा, बेत चांगला आहे. माझ्या सासूबाईही शाकाहारी असल्याने तेथील स्वयंपाक मी जवळून अनुभवला आहे. स्वयंपाकघर असलेलेच घर घ्या. बाहेर शाकाहारी जेवण मिळते, पण ते महाग असते आणि लहान गावांत पर्याय फार थोडे असतात. बोनुस किंवा क्रोनान या दुकानांतून भाजी, पाव, तांदूळ आणि स्कीर नावाचा घट्ट दह्यासारखा पदार्थ घ्या. आईंना तो ताकासारखा घुसळून, मीठ-जिरे घालून द्या. घरून मेतकूट, भाजणी, भडंग आणि चटण्या न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून नेण्यास मनाई असल्यामुळे कुंदा मात्र घरीच ठेवावा लागेल. कुकर नेणार असाल तर सपाट आणि इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा न्या, कारण तेथे बहुतेक ठिकाणी विजेच्या शेगड्या असतात.

अनेक ठिकाणी नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, कारण ते जमिनीखालून येते. आईंना ते आधीच सांगून ठेवा. पिण्यासाठी थंड नळाचे पाणी घ्या. ते उत्तम असते, बाटल्या विकत घेण्याची गरज नाही.

खडेबाजार

क्रम बरोबर आहे. हॉफनला दोन रात्री ठेवा, म्हणजे वाऱ्यामुळे एक दिवस वाया गेला तरी सरोवर हुकणार नाही. विकच्या पुढे लागणारे क्लाउस्टुर गाव ते हॉफन या सुमारे २०० किलोमीटरच्या पट्ट्यात राहण्याची ठिकाणे आणि पेट्रोल पंप दोन्ही थोडे आहेत. म्हणून हॉफनचे घर सर्वांत आधी नोंदवा आणि क्लाउस्टुरला टाकी भरून घ्या. पंपांवर बहुधा माणूस नसतो, कार्डाचा पिन लागतो. तो निघण्यापूर्वी बँकेतून खात्री करून घ्यावा.

विकजवळच्या रेनिस्फ्यारा किनाऱ्यावर मुलीचा हात सोडू नका आणि समुद्राकडे पाठ करू नका. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक मोठी लाट वर येते आणि तेथे माणसे दगावली आहेत. धोक्याचा लाल दिवा लागला असेल तर खाली उतरूच नका, आईंसोबत वरूनच काळे खडक पाहा.