विसर्जनाचा ड्रम कुठे ठेवायचा?

प्रेषक: ईशा
नमस्कार मंडळी,
शनिवारी गणपतीचं विसर्जन आणि प्लास्टरची मूर्ती ज्यात विरघळवायची त्या ड्रमला अजून जागा नाही. हॉलवाल्यांचा काल निरोप आला, वास येणारं काहीही आत चालणार नाही. मला शनिवार रात्रीपासून सोमवार रात्रीपर्यंत कुणाचं तरी गॅरेज हवंय. दार थोडं उघडं ठेवावं लागेल. मूर्ती 9 किलो भरली, त्या हिशेबानं ती विरघळवायला साडेआठ किलो अमोनियम बायकार्बोनेट आणून ठेवलंय. वास त्याचाच, अमोनियाचा. दर दोन-तीन तासांनी ढवळायला आम्ही विद्यार्थी पाळ्या लावू, घरच्यांना काही करावं लागणार नाही. कृपया उद्यापर्यंत कळवा.

प्रेषक: सुनील देव (पूजा समिती)
ईशा, विसर्जन पूजा समितीकडे असतं. ड्रमचं ठरलं कधी? नेहमीप्रमाणे माझ्या डेकवर टबात साधं पाणी भरून करू. उत्तरपूजा झाल्यावर रसायनात बुडवणं बऱ्याच जणांना रुचणार नाही. तुम्ही मुलं उत्साही आहात, पण खुर्च्या आणि पार्किंगला माणसं कमी पडतायत, ते आधी बघा.

प्रेषक: ईशा
सुनीलकाका, खुर्च्यांना आम्ही आहोतच. ड्रमचं जुलैच्या सभेत ठरलं होतं, इतिवृत्तात आहे.
साध्या पाण्याचं म्हणाल तर घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम. ते एका लिटरमध्ये दोन-सव्वादोन ग्रॅमच विरघळतं. आपल्या मूर्तीला चार हजार लिटर पाणी लागेल. म्हणून तर मागच्या वर्षीची मूर्ती टबात तशीच राहिली आणि शेवटी कचऱ्याच्या गाडीत गेली. ती पिशवी मीच उचलली होती आणि ते मला अजून लागून आहे.
पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) शास्त्रज्ञांनी हीच पद्धत काढली आणि महापालिकेनं ती घरोघरी नेली. 48 तासांत मूर्तीची चुनखडी होते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं. ते खतच आहे. ड्रमचं झाकण मात्र घट्ट लावायचं नाही, कार्बन डायऑक्साइड सुटतो. मंत्र, आरती, निरोप सगळं आधी तुमच्या पद्धतीनंच होईल.

प्रेषक: मेधा
पण मुळात प्लास्टरची मूर्ती का? आमच्या आजोळी पेणला शाडूचीच असायची. मामा बादलीत विसर्जन करायचे आणि ते पाणी अंगणातल्या जास्वंदीला घालायचे.

प्रेषक: वैशाली
मेधाताई, शाडूची मागवली होती की! वजनानं भाडं दुप्पट, आणि खोक्यातून सोंडेचे तीन तुकडे निघाले. त्या वर्षी आयत्या वेळी कुठून मूर्ती आणली ते आठवतंय ना सगळ्यांना.

प्रेषक: मेधा
मग इथेच मातीकाम करणाऱ्यांकडून माती घेऊ आणि मुलांकडून घडवून घेऊ. न भाजलेली माती पाण्यात सुटते. मी शिकवायला तयार आहे. पुढच्या वर्षासाठी हे आत्ताच लिहून ठेवा.

प्रेषक: प्रसाद (सचिव)
विषयावर येऊया. विद्यार्थी सभासदांना मंडळाच्या घटनेप्रमाणे मत नाही, त्यामुळे ड्रमची जबाबदारी समितीतल्या कुणीतरी लेखी घ्यावी लागेल. दुसरं, उरलेलं पाणी कुठे ओतणार? गटारात चालणार नाही.

प्रेषक: वसंत कुलकर्णी
प्रसादचा दुसरा प्रश्न खरा आहे. 2014 च्या ऑगस्टमध्ये आम्ही ओहायोतल्या टोलेडोला होतो. एरी सरोवरातल्या शेवाळाचं विष नळाच्या पाण्यात उतरलं. उकळूनही उपयोग नव्हता, उलट ते दाट होतं. बाटल्यांसाठी लोक पहाटेपासून रांगेत. ते शेवाळ वाढलं शेतातून वाहून आलेल्या खतावर. तेव्हा आपलं खताचं पाणी रस्त्याकडेच्या नाल्यात एक थेंबही जाता कामा नये.
पहिल्या मुद्द्याबद्दल. मी पोलादात आयुष्य काढलं. आमच्या वेळी मिश्रधातू निवडताना ताकद, गंज आणि किंमत बघायची. वापर संपल्यावर त्याचं काय होणार, हे बघणं दुसऱ्या खात्याचं काम. ही मुलं ते आधी विचारतात. मटेरियल ॲडव्हांटेज या पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यक्रमात एका वर्गणीत चार व्यावसायिक संस्थांचं सभासदत्व मिळतं आणि विद्यापीठातली शाखा विद्यार्थीच चालवतात. अध्यक्ष, खजिनदार, सगळे तेच. आपल्याकडे मात्र त्यांना फक्त खुर्च्या. मला हे पटत नाही. लेखी जबाबदारी माझी, पण ड्रमवर शब्द ईशाचा चालेल. विद्यार्थ्यांच्या मताचा ठराव मी वार्षिक सभेत मांडणार आहे.

प्रेषक: सुनील देव (पूजा समिती)
वसंतराव, समितीला विचारल्याशिवाय असे ठराव जाहीर करायची पद्धत नाही. विरोध ड्रमला नाही, परस्पर ठरवण्याला आहे. इतिवृत्त पाहिलं, जुलैत मी भारतात होतो. उत्तरपूजा झाल्यावर मूर्ती ड्रममध्ये मी ठेवेन. आणि त्या पाण्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

प्रेषक: ईशा
काका, मूर्ती तुम्हीच ठेवावी अशी आमचीही इच्छा आहे.
पाण्याचं सांगते. साधारण सात किलो अमोनियम सल्फेट तयार होईल, त्यात नायट्रोजन दीड किलोच्या, म्हणजे सव्वातीन पौंडांच्या आसपास. इथे हिरवळीला हजार चौरस फुटांमागे एक पौंड नायट्रोजन घालतात, म्हणजे तीन हजार चौरस फूट तरी हवेत. दहापट पाणी घालून, पावसाचा अंदाज नसलेल्या दिवशी. नाहीतर गवत करपेल किंवा खत वाहून जाईल.
त्याआधी सगळं जुन्या धोतरातून गाळून घ्यायचं. रंग आणि चुनखडी वर राहील. रंगात शिसं, क्रोमियम आहे का, हे मूर्तीच्या पाठीवर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) धरून बघणार आहे. विभागातलं यंत्र शुक्रवारी मिळतंय. काही सापडलं तर पाणीसुद्धा गवताला घालायचं नाही, सगळं घातक कचऱ्याच्या केंद्रावर. काही नाही सापडलं तरी भाजीच्या वाफ्यात नको.

प्रेषक: मेधा
यंत्र धरताना माझ्या नातवाला बघायला आणू का? आठवीत आहे.

प्रेषक: वैशाली
आमचं गॅरेज घ्या. वरती झोपायची खोली नाही आणि मागे हिरवळ भरपूर आहे. फक्त सोमवारी सकाळी सातला ह्यांना गाडी काढायची असते, तर ड्रम उजव्या भिंतीला लावा. चाकांची ट्रॉली कुणाकडे आहे?

प्रेषक: प्रसाद (सचिव)
ट्रॉली माझ्याकडे आहे, पण ड्रम रिकामाच आणा. पाणी गॅरेजमध्ये भरू, दीडशे लिटर ट्रॉलीला पेलणार नाहीत.