इस्तंबूलची मांजरं: मदत हवी आहे
पुढच्या महिन्यात मी आणि आई पाच दिवस इस्तंबूलला जातोय. मशिदी, राजवाडे बघूच, पण खरं सांगायचं तर मला तिथली मांजरं बघायचीयेत, दुकानाच्या पायरीवर, फेरीबोटीच्या धक्क्यावर, कॅफेतल्या खुर्चीत मालकासारखी पसरलेली. काडीकॉय भागात तोंबिलीचा पुतळा आहे ना, २०१६ मध्ये बसवलेला, फुटपाथच्या कडेला कोपर टेकून रेललेलं ते जाडं मांजर, तिथे एमिनोन्यूच्या धक्क्याहून फेरीने उतरल्यावर चालत जमेल की टॅक्सीच करावी, आईचे गुडघे दुखतात म्हणून विचारतेय. मांजरं बघायला जिहांगीर भागात सकाळी जावं की संध्याकाळी? आणि आई दिसेल ते मांजर उचलते (ऐकत नाही!), तर जाण्याआधी रेबीजची लस कुणी घेतली होती का?