विकल्प अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालय पारखायचे कसे?

परभणीकर पालक:
मुलीला एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत बऱ्यापैकी पर्सेंटाइल मिळाले असून कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीचा विकल्प अर्ज, म्हणजे महाविद्यालय-शाखांचा पसंतीक्रम, लवकरच भरायचा आहे. गेल्या वर्षीचे कटऑफ पाहता नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळू शकेल, आणि पुण्याच्या एका खासगी महाविद्यालयात कॉम्प्युटर. पुण्याच्या माहितीपत्रकात ‘९० टक्के प्लेसमेंट’ असे ठळक छापले आहे. आजोबांना नांदेड हवे, मामा पुण्यावर अडून बसले आहेत. अंतिम निर्णयापूर्वी नेमके काय तपासावे?

गोदाकाठ:
ते ९० टक्के कितींपैकी, हे आधी विचारा. समजा शाखेत १२० विद्यार्थी आहेत; बॅकलॉग (अनुत्तीर्ण राहिलेले विषय) नसलेले आणि कंपन्यांच्या गुणांच्या अटीत बसणारे ८० जणच ‘पात्र’ धरले आणि त्यांतील ७२ जणांना नोकरी लागली, तर छापील आकडा ९० टक्के होतो, पण वर्गाच्या हिशेबाने तो ६० टक्केच भरतो. एकाच विद्यार्थ्याच्या दोन ऑफर दोनदा मोजल्या असतील, तर फुगवटा आणखी वाढतो. सर्वाधिक पॅकेजच्या आकड्याकडे तर पाहूच नये, तो एखाद्याच मुलाचा असतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. विहित मुदतीत पदवीधर किती झाले, नोकरी किती जणांना लागली आणि मध्यक वेतन (निम्म्यांना ज्याहून जास्त व निम्म्यांना कमी मिळते ते) किती, हे तिच्यात मिळते. मात्र ते आकडे सर्व शाखांचे एकत्रित असल्यामुळे शाखानिहाय यादी महाविद्यालयाकडेच मागावी लागेल, आणि ती देताना किती टाळाटाळ होते, तेही पाहून घ्यावे.

निवृत्त अध्यापक:
सहमत, पण मी प्लेसमेंटच्या आधी अध्यापकांची यादी पाहीन. दर्जा तपासणाऱ्या दोन राष्ट्रीय यंत्रणांपैकी नॅकचे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते, एनबीएचे मानांकन एकेका अभ्यासक्रमाचे. म्हणून प्रवेशद्वारावर एनबीएचा फलक असला, तरी कॉम्प्युटरला ते मानांकन आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे विचारावे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीईने) २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा उठवल्यावर अनेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या आहेत. त्या प्रमाणात अध्यापक नेमले का, प्रात्यक्षिकाला एका संगणकावर किती जण बसतात, हे कामकाजाच्या दिवशी जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारल्याखेरीज कळत नाही.

परभणीकर पालक:
आभारी आहे. महाविद्यालयाने फोनवर सांगितलेले शुल्क अंतिम समजावे काय?

एका अभियंतीची आई:
मुळीच नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या महाविद्यालयाचे मंजूर शुल्क पाहावे. वसतिगृह, मेस आणि बस यांचा खर्च त्याव्यतिरिक्त धरावा. आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातील मुलीला, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत २०२४-२५ पासून मिळते, मात्र प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. महाविद्यालय स्वतः भरते त्या संस्थास्तरावरील जागेला ती लागू नाही. विकल्पांचा क्रमही विचारपूर्वक लावा. २०२५-२६ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी विकल्प मिळाला, तर तो स्वीकारणे बंधनकारक होते. यंदाचे नियम माहितीपुस्तिकेत पडताळून घ्या, आणि क्रम मुलीला स्वतःच्या हाताने लिहू द्या. मामांना तो नंतर दाखवला तरी चालेल.