दसऱ्यानंतर एकट्यानं हिमाचलातल्या स्पितीकडे गेलेल्या सातारा-सांगलीकरांनो, लिहा

दसरा झाला की आपल्याकडं "आता थंडीचं कुठं निघालास?" सुरू होतं. मी तरी निघालो. साताऱ्याहून मोटरसायकलवर एकटाच, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत मनाली. तिथपर्यंतच दोन हजार किलोमीटरच्या वर. ते सोडा, हमरस्त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नऊ किलोमीटरचा अटल बोगदा संपला की झाडीही संपते. पावसाळी पाटणहून थेट कोरड्या माणात उतरल्यासारखं. कारणही तेच, ढग डोंगराच्या अलीकडंच रिकामे होतात. नदीकाठची झाडं तेवढी हळदीसारखी पिवळी.

बातलला ढाबेवाले तंबू उतरवत होते. सगळे खाली, मी एकटाच वर. एकानं चहा दिला आणि उरलेली मॅगीची पाकिटंही गळ्यात मारली, रोख पैसे घेऊन!

कुंझुम खिंडीच्या चढाला सकाळी सातलाच लागलो, ती चूक. रस्त्यावरून वाहणारं पाणी रात्रीत गोठलेलं. दिसायला नुसता ओला डांबरी तुकडा. ब्रेकला बोट लावलं आणि गाडी आडवी. लागलं नाही, पण सामानासकट उचलेना. मग दोऱ्या सोडल्या, बॅगा काढल्या, सीटला पाठ लावून उचलली. साताऱ्यात हे दोन मिनिटांचं काम. तिथं साडेचार हजार मीटरच्या आसपास, दहा मिनिटं नुसती धाप. तासभर एक गाडी आली नाही. आता उन्हं रस्त्यावर आल्याशिवाय किल्ली लावत नाही.

तुमचं सांगा.

—

दादा, मी सांगलीची. कारनं एकटीच, पण शिमल्याकडून. किन्नौरमधून गेलं की चढ हळूहळू येतो, कल्पा, मग नाको, मग स्पितीतलं काझा. डोकं फारसं धरलं नाही. सफरचंदाच्या ट्रकांमागं मात्र तास न् तास. नाकोला मागच्या सीटवर फट्ट आवाज झाला, काळीज हललं. बघते तर भडंगाचं पाकीट! बाहेर हवा विरळ, पाकीट फुगून फुटलेलं. परतल्यावरही सीटच्या फटीतून शेंगदाणे निघत होते. दोन दिवस फोन लागला नाही, तर आईनं गणपतीला नारळ बोलून ठेवलेला.

—

इस्लामपूर. बॅटरी चार वर्षांची होती. निघताना मेकॅनिक म्हणाला, "चालतीय की." काझात पहाटे नाही चालली. एवढंच.

—

ताईंचं भडंग भारी! मी पाटणचा. स्पिती खिशाला झेपत नाही, म्हणून शिराळ्यावरून चांदोलीच्या जंगलाकडं, वारणावतीला गेलो, स्कूटरवर. हसू नका. ऑक्टोबरात गवत सोनेरी झालेलं असतं, जळवा संपलेल्या असतात. परतताना अंधार पडला आणि वळणावर गवा. रस्त्यात आडवा, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. हॉर्न वाजवायचा नाही, एवढं आज्ज्यानं शिकवलेलं. इंजिन बंद केलं, दिवा विझवला. मग तो दिसेना, नुसता श्वास ऐकू येई. फुस्स, फुस्स. किती वेळ गेला ठाऊक नाही. झुडपं मोडत खाली उतरला, तरी मी तसाच बसून.

घरी सांगितलंय, पंक्चर झालं होतं.