ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी ड्रायव्हर बघा

बी-३०२ (काकू): नमस्कार. विंडोज अपडेट झाल्यापासून मुलाच्या पीसीवर गेम अडकत चालतोय, मधेच स्क्रीन काळी होते. तापकीर गल्लीतल्या एका दुकानात फोनवर विचारलं, तर मशीन न बघताच "कार्ड गेलंय, नवीन घ्या" म्हणाले. कुणाला कळतं का यातलं?

सी-४०१: काकू, घाईने पैसे घालवू नका. आधी सीपीयूच्या मागे बघा. मॉनिटरची केबल वर, माउस-कीबोर्डच्या रांगेत असेल तर ती मदरबोर्डला लागलीय. खाली आडव्या पट्टीवर जे पोर्ट आहेत ते कार्डाचे. केबल तिथेच हवी. साफसफाई झाली की हे हमखास उलटं लागतं.

बी-३०२ (काकू): फोटो टाकलाय बघ. खालीच आहे. कार्ड जीटीएक्स १०६०.

ए-१०४ (काका): पुन्हा काळी झाली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबायला सांगा. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, परत सुरू होतो, पीसी बंद करावा लागत नाही.

सी-४०१: बरोबर काका, पण ती तात्पुरती सोय. कधीकधी विंडोज अपडेट स्वतःचाच ग्राफिक्स ड्रायव्हर टाकून देतं, मला तोच संशय आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स उघडा. तिथे कार्डाचं नाव दिसलं तर प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येईल. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसलं तर कार्डाचा ड्रायव्हर चालूच नाहीये.

बी-३०२ (काकू): नाव दिसतंय, पण रोल बॅकचं बटण फिकट आहे, दाबलं जात नाही.

सी-४०१: मग जुना ड्रायव्हर मुळापासून काढू. डीडीयू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर सुरू करून, चालवायचं. त्याआधी दोन गोष्टी कराच. बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की काढून ठेवा, सेफ मोडला जाताना मागू शकतं. आणि एनव्हिडियाच्या साइटवरून १०६० निवडून ड्रायव्हर आधीच उतरवून घ्या, कारण काढताना नेट बंद ठेवायचंय, नाहीतर विंडोज परत स्वतःचा टाकेल. ५८० मालिकेतलाच घ्या. या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. म्हणून कार्ड निकामी झालं असं मुळीच नाही, आहेत ते गेम चालतात. सातला येतो मी.

सी-२०३ (ताई): नवीन ड्रायव्हर टाकल्यावर रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते, नक्की बघा. आमचा १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर येऊन बसला होता आणि आम्ही गेमलाच नावं ठेवत होतो. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले.

सी-४०१: हे छान आठवलं ताई. आणि काकू, एवढं करूनही स्क्रीन गेली तर कार्डाच्या पंख्यातली धूळ आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बघू. नवीन कार्डाचा विचार त्यानंतर.

बी-३०२ (काकू): रात्री ४०१ वाल्याने येऊन सगळं नीट करून दिलं. मुलगा दोन तास खेळला, स्क्रीन एकदाही गेली नाही. रिफ्रेश रेट खरंच ६० वर होता. कार्डाचे पैसे वाचले, मनापासून आभार सगळ्यांचे.