व्हॉल्वच्या रेडिओचा छोटा गिटार ॲम्प करायचाय, सल्ला द्या

सहावी_तार

मंडळी, माझ्याकडे दोन जुने व्हॉल्वचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, रेडिओ आहेत. एक आजोबांचा, गावाकडच्या माळ्यावर होता. लाकडी, बोजड, एकट्याला उचलत नाही. कंपनीची पाटी कधीच गळून पडलीय, पण मागच्या पुठ्ठ्याला खोचलेलं लायसन्सचं पुस्तक आहे, पोस्टाच्या शिक्क्यांसकट. टॉर्च लावून व्हॉल्व वाचले : ईसीएच८१, ईबीएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८०. दुसरा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणला. बेकेलाइटचा, छोटासा, एका हातात मावतो. त्यात यूसीएच८१, यूबीएफ८९, यूबीसी८१, यूएल८४, यूवाय८५ आहेत. दोन्ही अजून प्लगला लावलेले नाहीत.

गिटारसाठी पेडल बनवतो, त्यामुळे सोल्डरिंग येतं. पण ९ व्होल्टच्या वर कधी गेलेलो नाही. फ्लॅटमध्ये वाजवायला छोटा ॲम्प हवाय. हलकाफुलका म्हणून छोटाच घ्यावा असं मनात आहे, टेबलावर छान बसेल. बरोबर चाललोय ना?

रेडिओकाका

नाही! छोट्याला हात लावू नकोस. तो हलका का आहे, हे आधी समजून घे. त्यात मेन ट्रान्सफॉर्मरच नाही.

नावातलं पहिलं अक्षर बघ. ई म्हणजे ६.३ व्होल्टचा फिलामेंट, व्हॉल्व तापवणारी आतली तार. यू म्हणजे १०० मिलीॲम्पियरचा, आणि हे सगळे एकामागोमाग सिरीजमध्ये जोडतात. तुझ्या पाचांची बेरीज कर : १९, १९, १४, ४५ आणि ३८, झाले १३५ व्होल्ट. घरात येतात २३०. उरलेले ९५ एका जाड रेझिस्टन्समध्ये नुसते जळतात. एसी आणि डीसी दोन्हींवर चालावा म्हणून अशी रचना करायचे, काही शहरांत डीसी वीज होती तेव्हा. शिवाय ट्रान्सफॉर्मरचे पैसे वाचायचे.

आता मुद्द्याचं. या सेटची चॅसी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट लाइनच्या एका वायरला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चॅसीवर फेज. गिटारच्या तारा जॅकच्या बाहेरच्या कड्यामार्फत चॅसीला जोडल्या जातात. म्हणजे फेज तुझ्या बोटांत, आणि दुसरा हात माइकच्या स्टँडला किंवा खिडकीच्या गजाला लागला की संपलं.

मी शिकाऊ असताना अशाच एका सेटच्या नॉबचा स्क्रू पिळत होतो. त्या स्क्रूवर मेण भरलेलं असायचं, बोट लागू नये म्हणून. आधीच्या मेकॅनिकनं ते खरवडून काढलं होतं. मी स्टुलावरून मागं भिंतीवर. पुढचा अख्खा दिवस डावा दंड वर उचलत नव्हता.

ट्रेबल_क्लेफ

एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की झालं ना? यूएल८४ काही वाईट व्हॉल्व नाही.

रेडिओकाका

होतं. पण पहिल्याच कामाला हे नको. नवशिका माणूस गडबडीत ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवून "एकदा लावून बघतो" म्हणतो, हे मी पाहिलेलं आहे.

मध्यमलहरी

माझा सूर वेगळा लागेल, पण सांगतोच. आजोबांचा रेडिओ दुरुस्त होण्यासारखा असेल तर कापू नका. ईसीएच८१ ते ईझेड८० हा पूर्ण संच जागेवर असणं ही आता सहज मिळणारी गोष्ट नाही. या डबड्यांवर आमच्या घरी ७९२ किलोहर्ट्झला आकाशवाणीचं पुणे केंद्र लागायचं. काट्याची दोरी तुटली तरी आई अंदाजानं लावायची. चॅसीला नवं भोक पाडलंत की तो रेडिओ उरत नाही.

कॅथोड_काकू

मध्यमलहरी, तुमचं दुखणं कळतं, पण भोक न पाडताही काम होतं. सहावी_तार, आधी हे वाच.

रेडिओच्या मागं ग्रामोफोनचं सॉकेट असेल, दोन भोकांचं, शेजारी "पीयू" (पिकप) लिहिलेलं किंवा तबकडीचं चित्र. तिथून आवाज सरळ ईबीसी८१ कडे जातो आणि तिथून ईएल८४ कडे. रेडिओचा अर्धा भाग मधूनच वगळला जातो. तू पेडल बनवतोस, मग आवाजाचा जोर वाढवणारा एक साधा बूस्टर या सॉकेटला जोड आणि बँडचा खटका पीयूवर ठेव. ॲम्प तयार, आणि रेडिओ रेडिओच राहिला. आवाज आवडला तरच पुढं जा. नुसती गिटार लावलीस तर आवाज मुंगीएवढा येईल, कारण ते सॉकेट क्रिस्टल पिकपसाठी असतं आणि गिटारच्या पिकपचा जोर त्यापुढं फारच कमी.

पण प्लग लावण्याआधी ही कामं कर. तीन पिनांची वायर घाल आणि अर्थ चॅसीला बोल्टनं घट्ट आवळ. फेजमध्ये फ्यूज घाल. लाइनमधून चॅसीवर उतरणारा एखादा कंडेन्सर असेल तर तो सरळ कापून टाक. मग सिरीज बोर्डवर, म्हणजे रेडिओच्या वाटेत बल्ब येतो अशा बोर्डवर, ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब लाव (एलईडी इथं उपयोगाचा नाही) आणि त्यातून रेडिओ चालू कर. बल्ब भसकन पेटून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद कर. आणि स्पीकर जोडल्याशिवाय कधीच चालवू नकोस, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर आतून जळतो.

बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट तग धरून बसलेले असतात. १०० के, २ वॅटच्या रेझिस्टन्सनं ते उतरव आणि मीटरवर शून्य बघितल्याशिवाय आत बोट घालू नकोस. मीटर धरताना दुसरा हात खिशात.

सहावी_तार

बापरे. छोटा रेडिओ कपाटावर ठेवलाय, वायर गुंडाळून.

मोठ्याचं सांगतो. तीन पिनांची वायर, फ्यूज, सगळं केलं. बल्ब पेटला आणि मंद झाला. पीयूला बूस्टर लावला आणि आवाज आला!! पण जाडाभरडा, फाटका, आणि मागं मोठी घरघर. पाच मिनिटांत ईएल८४ च्या आतला पत्रा कडेनं लालसर दिसायला लागला, म्हणून बंद केला. मधल्या वेळात मीटर लावला होता. कॅथोडच्या १५० ओहमवर १०.५ व्होल्ट होते. व्हॉल्व गेला का?

कॅथोड_काकू

व्हॉल्व नाही, त्याच्या आधीचा कंडेन्सर गेलाय. हिशेब कर : १०.५ भागिले १५० म्हणजे ७० मिलीॲम्पियर. या जागी पन्नासच्या आसपास हवेत. ईएल८४ ला प्लेटवर, म्हणजे त्या पत्र्यावर, १२ वॅट सोसतात, तू त्याला त्याहून बरेच जास्त पाजतोयस. पिन २ वर, म्हणजे आवाज जिथून व्हॉल्वमध्ये शिरतो त्या ग्रिडवर, मीटर लाव. तिथं शून्य असायला हवं.

सहावी_तार

अधिक ४ व्होल्ट!

रेडिओकाका

म्हणजे मेणाचा कंडेन्सर झिरपतोय. ईबीसी८१ च्या प्लेटवरची डीसी त्यातून ग्रिडवर येते. कागदी कंडेन्सर पन्नास-साठ वर्षांत असेच होतात, चेहरा बघून कळत नाही. तो मोजत बसू नकोस. ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर टाक, आणि आवाजाच्या वाटेवरचे बाकीचे कागदीही बदल. घरघरीला फिल्टर कंडेन्सरचा डबा जबाबदार. तो चॅसीवर शोभेला राहू दे, आतून सोडव आणि खाली ४७ मायक्रो, ४५० व्होल्टचे दोन लाव. जास्त मोठा घालायचा मोह नको, एसीची डीसी करणाऱ्या ईझेड८० ला पहिल्या जागी ५० मायक्रोच्या वर चालत नाही.

तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबापाशी हे मिळावं. ४५० व्होल्टचा माग, दुकानदार "२५ व्होल्टचा चालेल का" म्हणतील. मुंबईला जाणं झालं तर लॅमिंग्टन रोड आहेच.

सहावी_तार

बदलले. कॅथोडवर आता ७.६ व्होल्ट, म्हणजे ५० मिलीॲम्पियरच्या जरासे वर. प्लेटवर २५५. पत्रा काळा तो काळाच. आणि आवाज... रात्री अकरापर्यंत वाजवत बसलो, शेवटी वरच्या मजल्यावरून पाय आपटले. व्हॉल्यूम निम्म्यावरसुद्धा नव्हता.

आता बूस्टरशिवाय, सरळ गिटार लावून व्हायला हवं. त्यासाठी जोर वाढवणारा आणखी एक व्हॉल्व लागेल, ईसीसी८३. तो कुठं बसवू? भोक न पाडता.

कॅथोड_काकू

ईसीएच८१ च्या जागी. ईबीएफ८९ पण काढ. दोघांचा मिळून ०.६ ॲम्पियर फिलामेंट वाचतो आणि ईसीसी८३ ला ०.३ पुरतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरला उलट आरामच. हायटेन्शन, म्हणजे व्हॉल्वना मिळणारी मोठी डीसी, मात्र थोडं वर चढेल, ईएल८४ पुन्हा मोजून घे. जास्त वाटलं तर १५० च्या जागी १८० ओहम.

सॉकेट तेच नऊ पिनांचं, पण इथंच लोक फसतात. ईसीएच८१ चा फिलामेंट ४ आणि ५ वर. ईसीसी८३ चा तसाच जोडलास तर त्याला १२.६ व्होल्ट लागतात, तो अर्धमेला पेटेल. ४ आणि ५ एकत्र बांध आणि दुसरं टोक ९ ला दे. अर्थात ९ वर आधी जे काही होतं ते सगळं काढून.

ईसीसी८३ मध्ये एकात दोन व्हॉल्व असतात, त्यातला एकच अर्धा भाग वापर. जॅकवर १ मेगओहम चॅसीला, तिथून ६८ के थेट पिन २ च्या अंगाला चिकटवून, नाहीतर शेजारच्याचा मोबाइल ऐकू येईल. कॅथोडला, म्हणजे पिन ३ ला, १.५ के आणि २२ मायक्रो. पिन १ ला प्लेटचा १०० के. पुढं ०.०२२ मधून रेडिओच्याच व्हॉल्यूमकडे. उरलेल्या अर्ध्याची ग्रिड आणि कॅथोड जमिनीला. जॅक पीयू सॉकेटच्या जागी पट्टी लावून बसतो.

अजून एक, हे सहसा कुणी सांगत नाही. ईबीसी८१ च्या ग्रिडवर १० मेगचा रेझिस्टन्स असेल आणि कॅथोड थेट जमिनीला असेल, तर रेडिओला ते छान, पण गिटारचा जोरदार फटका बसला की आवाज क्षणभर गुदमरतो आणि मग सुटतो. १० मेगच्या जागी १ मेग कर आणि कॅथोडला २.२ के देऊन त्यावर २२ मायक्रो टाक. माझ्या पहिल्या ॲम्पमध्ये मी तीन महिने स्पीकरला दोष देत होते.

ट्रेबल_क्लेफ

स्पीकरवरून आठवलं. तो लंबगोल कागदी स्पीकर जाड तारेवर फार दिवस टिकणार नाही. आठ इंची, ४ ओहमचा वेगळ्या खोक्यात घाल. फरक जमीन-अस्मानाचा.

मध्यमलहरी

काढलेले ईसीएच८१ आणि ईबीएफ८९ फेकू नका, कागदात गुंडाळून खोक्यातच ठेवा. कोणती वायर कुठून सुटली त्याचा फोटो पण. उद्या कुणाला परत रेडिओ करावासा वाटला तर?

आणि तो छोटा बेकेलाइटचा विकणार असाल तर मी घेतो, त्याला रेडिओ म्हणूनच वाजवीन. पैशांऐवजी भारत इलेक्ट्रॉनिक्सचे दोन ईसीसी८३ देतो. बंगळुरूचे, न वापरलेले, पुठ्ठ्याच्या डब्यांसकट.

सहावी_तार

दोन?! ठरलं. रविवारी जुन्या बाजारात, सकाळी नऊला. रेडिओ पिशवीत आणतो, प्लग कापून.