साठवलेल्या रिवॉर्ड पॉइंटांचे मूल्य मागाहून कमी करणे योग्य आहे का?

जमाखर्च (धागालेखक)

माझ्या क्रेडिट कार्डाच्या बँकेने मागच्या महिन्यात 'आपल्या लाभांमधील बदल' या मथळ्याचा ईमेल पाठवला. पहिले तीन परिच्छेद नव्या सवलतींचे होते. चौथ्यात असे लिहिले होते की पुढच्या महिन्यापासून विमान कंपनीच्या एका माइलसाठी (तिकिटासाठी वापरता येणाऱ्या तिच्या पॉइंटसाठी) एकाऐवजी दोन पॉइंट द्यावे लागतील, घरभाडे व विम्याच्या हप्त्यावर पॉइंट मिळणार नाहीत, आणि विमानतळावरच्या लाउंजमध्ये प्रवेश हवा असेल तर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असला पाहिजे. भाडे, विमा आणि लाउंज यांबद्दल माझी तक्रार नाही. ते नियम इथून पुढच्या खर्चाचे आहेत आणि पटले नाहीत तर मी कार्ड वापरणे थांबवू शकतो. पण आईवडिलांच्या प्रवासासाठी तीन वर्षे साठवत आणलेले पॉइंट त्या एका वाक्याने निम्मे झाले, आणि ज्या खर्चावर ते मिळाले तो खर्च मला आता मागे घेता येत नाही.

पॉइंट ही बँकेने खुशीने दिलेली बक्षिशी आहे, हे म्हणणे मला मान्य नाही. तोच दर सांगून बँकेने वार्षिक शुल्क घेतले आणि त्याच दरावर विसंबून मी बाकीची कार्डे बाजूला ठेवली. हिशेबाच्या वह्याही हेच सांगतात. २०१८ पासून लागू झालेल्या 'आयएफआरएस १५' या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार, विक्रीसोबत ग्राहकाला दिलेले असे पॉइंट म्हणजे कंपनीने अजून पूर्ण न केलेले वचन मानले जाते आणि त्यांच्या वाट्याचे उत्पन्न ते वटवले जाईपर्यंत किंवा त्यांची मुदत संपेपर्यंत पुढे ढकलले जाते. ज्याची नोंद देणे म्हणून होते, ते देणे एकतर्फी निम्मे करण्याचा अधिकार कोणाला असावा?

व्यापारगणित

आपला संताप समजू शकतो, पण निष्कर्ष पटत नाही. पॉइंटांसाठी लागणारा पैसा मुख्यतः इंटरचेंज शुल्कातून येतो, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला जी रक्कम मिळते त्यातून. ती रक्कम आटली की योजना आटणारच. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये हे शुल्क खाली आणले, तेव्हा तिथल्या कार्डांचे लाभ घटले आणि वार्षिक शुल्के वाढली. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवर ०.३ टक्क्याची कमाल मर्यादा घातली, आणि तिथे भरघोस लाभांची कार्डे आज क्वचितच दिसतात. ज्या बँकेचे उत्पन्न असे बाहेरून ठरते, तिने आजचा दर कायमचा बांधून द्यावा ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही.

दुसरे असे की कार्डधारकांचे वर्तनही निर्दोष नसते. अमेरिकेच्या टांकसाळीने एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून २००८ पासून ती दर्शनी किमतीला, टपालखर्च न आकारता घरपोच द्यायला सुरुवात केली. माइल्सच्या मागे लागलेल्यांनी ती क्रेडिट कार्डावर हजारोंनी मागवली, पेट्या तशाच बँकेत नेऊन भरल्या आणि त्याच पैशातून कार्डाचे बिल फेडले. काही पेट्यांचे टांकसाळीचे वेष्टनही फाडलेले नव्हते. अखेर जुलै २०११ मध्ये टांकसाळीला या नाण्यांसाठी कार्ड स्वीकारणे बंद करावे लागले. घरभाड्यावरचे पॉइंट बंद होण्यामागेही हाच अनुभव आहे, कारण भाड्याच्या नावाखाली ओळखीच्या खात्यात पैसे फिरवणारे काही थोडे नव्हते. सुक्याबरोबर ओलेही जळते, हे मात्र मी मान्य करतो.

जमाखर्च

नाण्यांचे उदाहरण मोलाचे आहे, पण टांकसाळीने पुढची विक्री थांबवली आणि आधी मिळालेल्या माइल्सना कोणी हात लावला नाही. मी हाच भेद मांडतो आहे. अमेरिकेतील चेस बँकेने ऑगस्ट २०१६ मध्ये 'सफायर रिझर्व्ह' कार्ड आणले तेव्हा सुरुवातीच्या ठरावीक खर्चावर १,००,००० पॉइंट देऊ केले होते. मागणी इतकी झाली की जानेवारी २०१७ मध्ये ऑनलाइन अर्जांसाठी तो आकडा ५०,००० वर आणला गेला. पण आधी अट पूर्ण केलेल्यांचे पॉइंट त्यामुळे कमी झाले नाहीत. इंटरचेंज घटले तर बँकेने उद्याचा दर जरूर घटवावा. माझ्या तीन वर्षांच्या खर्चावरचे इंटरचेंज मात्र तिला त्या त्या वेळी पूर्ण मिळालेले आहे.

अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना जो इशारा दिला तो याच मुद्द्याचा होता. आधी कमावलेल्या पॉइंटांचे मूल्य घटवणे बेकायदा ठरू शकते, मग करारात बदलाचा अधिकार राखून ठेवणारे कलम असले तरीही, असे त्या संस्थेने म्हटले होते.

तळटीप

आपण दोघेही कार्डधारक विरुद्ध बँक एवढेच पाहत आहात. या योजनेचे पैसे भरणारा तिसरा माणूस या चर्चेत नाही. दुकानदार कार्डाचे शुल्क सर्वांच्याच किमतीत मिसळतो आणि रोखीने घेणाऱ्याला पॉइंट मिळत नाहीत. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, अमेरिकेत रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या खिशातून वर्षाला १४९ डॉलर जातात आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. त्यामुळे लाभ आटले म्हणून मला फारसे दुःख होत नाही.

मला अधिक काळजी खर्चाच्या अटीची वाटते. बक्षीस जवळ आले की माणूस वेग वाढवतो, हे किवेट्झ, उर्मिन्स्की आणि झेंग या संशोधकांनी २००६ मध्ये कॉफीच्या शिक्का-कार्डांवर (दर कॉफीमागे एक शिक्का, कार्ड भरले की एक कॉफी फुकट) दाखवून दिले. दहा शिक्क्यांच्या कोऱ्या कार्डापेक्षा, दोन शिक्के आधीच मारलेले बारा शिक्क्यांचे कार्ड लोकांनी लवकर भरले, वास्तविक दोन्हींत भरायचे शिक्के दहाच होते. गेल्या तिमाहीच्या शेवटच्या रविवारी रात्री अकरा वाजता लाउंजसाठीची खर्चाची अट कितपत भरली हे दाखवणारी ॲपमधली हिरवी पट्टी मी पाहत बसलो होतो. ती जवळजवळ भरली होती. ती पुरी करण्यासाठी मी हेडफोन घेतले. ते अजून खोक्यातच आहेत आणि मी त्या लाउंजमध्ये अद्याप गेलेलो नाही. जमाखर्च यांनी ज्या बदलाला 'तक्रार नाही' म्हणून बाजूला ठेवले, तोच मला सर्वांत घातक वाटतो.

जमाखर्च

खर्चाच्या अटीबद्दल मी घाईने लिहिले, हे मान्य करतो. रोखीने व्यवहार करणाऱ्यावर अन्याय होतो हेही खरे आहे, पण माझे पॉइंट निम्मे करून वाचलेली रक्कम त्या माणसाकडे जात नाही. ती बँकेकडेच राहते.

व्यापारगणित

कार्डधारक असहाय नाहीत, हेही नोंदवावेसे वाटते. अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने सप्टेंबर २०२३ मध्ये नेहमीच्या प्रवाशांसाठीची आपली योजना बदलली तेव्हा सदस्यत्वाच्या सर्वोच्च दर्जासाठी ३५,००० डॉलरच्या खर्चाशी जोडलेली अट घातली होती आणि महागड्या कार्डावरच्या लाउंज भेटी वर्षाला दहावर आणल्या होत्या. लोकांचा रोष पाहून कंपनीच्या प्रमुखांनीच आपण फार पुढे गेलो असे कबूल केले, आणि महिन्याभरात ती अट २८,००० वर आणि भेटी पंधरावर आल्या. ग्राहक बोलला आणि कार्ड बदलू लागला की कंपन्या ऐकतात. म्हणून मला कायद्यापेक्षा पुरेशी पूर्वसूचना महत्त्वाची वाटते. तीस दिवस आधी कळवावे आणि तोवर जुन्या दराने वटवू द्यावे, एवढे बंधन पुरेसे आहे.

जमाखर्च

विमानाची सोयीची जागा माइल्सवर मिळायला कित्येक महिने आधीपासून पाहावे लागते, तिथे तीस दिवसांत कोण काय करणार? मी किमान एक वर्ष म्हणेन. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार क्रेडिट कार्डाच्या शुल्कातील बदल किमान एक महिन्याची पूर्वसूचना देऊन आणि केवळ पुढच्या काळासाठीच करता येतो. 'पुढच्या काळासाठीच' हे शब्द साठवलेल्या पॉइंटांनाही लागू व्हावेत, याहून माझी मागणी मोठी नाही.

ज्यांना असाच ईमेल आला आहे त्यांच्यासाठी लिहितो. कार्ड बंद करायचे असेल तर आधी पॉइंट वटवा, कारण खाते बंद झाले की ते बहुधा बुडतात. शिल्लक पॉइंट आणि जुना दर एकत्र दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. मी सव्वीस तारखेला माइल्समध्ये बदल करायला बसलो तेव्हा बँकेचे पान दोन दिवस उघडत नव्हते. अठ्ठावीस तारखेला पहाटे पाच वाजता ते उघडले आणि सगळे पॉइंट जुन्या दराने गेले. त्याच सकाळी मी कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला. थकबाकी नसेल तर बँकेला तो सात कामकाजाच्या दिवसांत निकाली काढावा लागतो, आणि आज त्यातला चौथा दिवस आहे.